हार्ट अटॅकबद्दल गावात सांगायला जातो आम्ही सिस्टर लोक. नेमकं काय सांगावं?

पांढरंसोनं

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे. आम्ही काही जणी सुटीच्या दिवशी आसपासच्या गावांत जाऊन हार्ट अटॅकबद्दल बोलतो. त्यात दोघी निवृत्त आहेत, एक उपकेंद्राची एएनएम आहे, बाकी माझ्यासारख्या ड्युटीवाल्या. संस्था नाही, बॅनर नाही, पावतीपुस्तक नाही. बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर आणि गोधडीत कोल्ड्रिंकची रिकामी बाटली गुंडाळून केलेला आमचा 'पेशंट', एवढंच सामान. ग्रामपंचायतीचा हॉल, बचत गटाची बैठक, सप्त्याचा मंडप, जिथं माणसं जमतात तिथं बसतो.

धागा काढण्याचं कारण म्हणजे आमच्यातच वाद चाललाय. लक्षणांची यादी लोकांना बऱ्यापैकी माहीत असते. छातीत दुखतं, डावा हात दुखतो, घाम येतो, हे शाळेतली पोरंही सांगतात. तरी पेशंट आमच्यापर्यंत येतो तो पाच-सहा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. कॅज्युअल्टीत मी नातेवाइकांना विचारते, दुखायला कधी लागलं? "रात्री जेवण झाल्यावर." आणि घड्याळात सकाळचे नऊ. मधे काय केलं? ओवा खाल्ला, ईनो पाजला, बाम चोळला. गावातल्या डॉक्टरनं एक इंजेक्शन टोचलं, जरा बरं वाटलं, झोपले. पहाटे परत जीव घाबरला. जीपवाला लग्नाला गेलेला. मोठा भाऊ नागपूरला, त्याला विचारल्याशिवाय न्यायचं कसं? नेलं आणि काही निघालंच नाही तर खर्च कोणाच्या अंगावर?

बघा, यात बहुतेक वेळा कोणाला तरी शंका आलेली असते. ठरवायचं कोणी, हे ठरलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं की तासाभराच्या कार्यक्रमात निम्म्याहून जास्त वेळ याच्यावर घालवावा. रात्री दोन वाजता या घरात हुकूम कोणाचा? १०८ (सरकारी ॲम्ब्युलन्स) कोण लावणार? ती यायला वेळ असेल तर गावात कोणाची गाडी उभी असते, चावी कोणाकडे? जवळच्या कुठल्या दवाखान्यात रात्रीसुद्धा ईसीजी निघतो आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळतं? हे कागदावर लिहून दाराच्या मागं चिकटवा. हृदयाची नस बंद झाली की अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरायला लागतो. ते इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत कामाचं, बारा तासांनंतर सहसा देतच नाहीत. म्हणजे दवाखान्यात आम्ही कितीही धावलो तरी घरात गेलेला वेळ परत मिळत नाही.

आमच्यातल्या एका ताईंचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, माणसं घाबरवू नका. बीपी, शुगर आणि खर्रा (घोटलेली तंबाखू-सुपारी) या तीनच गोष्टी लावून धरा, अटॅकच कमी येतील. त्यांचंही चूक नाही. तुम्हाला काय वाटतं?

काटोलचा_संत्रा

ताई, लय बरोबर बोलल्या तुम्ही. आमच्या काकाजीचं असंच झालं. मे महिना, पारा ४५ च्या वर. बागेत पाणी देता देता घाम फुटला न् खालीच बसले. सारे म्हणे ऊन लागलं. तळपायाले कांद्याचा रस चोळला, पन्हं पाजलं, माठाच्या पाण्यानं अंग पुसलं. हात दुखून राहिला म्हणे, तं आमची काकू म्हणे सकाळी पंप उचलला असंन. नागपूरले नेईपर्यंत दिवस बुडला. जीव वाचला बा, पण हार्ट अर्धंच काम करते म्हणून डॉक्टरनं सांगतलं. आता वावरात दोन ओळी चालले का धाप लागते. बाग सुटली आता.

उन्हाळ्यात ओळखाव कसं ते सांगा. आमच्या इकडं तीन महिने सारेच घामाघूम असतात.

पांढरंसोनं

@काटोलचा_संत्रा, उष्माघातात अंग भाजल्यासारखं तापतं, माणूस बरळतो, शुद्ध हरपते. अटॅकमध्ये बहुधा घाम गार असतो, चेहरा पांढरा पडतो, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. पण खरं सांगू का, गावात बसून हा निवाडा करायचाच नाही. दोन्हीला दवाखानाच लागतो. सावलीत घ्या, अंग पुसा, आणि ते करता करताच दुसऱ्यानं फोन लावायचा. पन्हं, सरबत, काही पाजू नका. मळमळत असलेल्या माणसाला पाजलं तर ठसका लागायची भीती.

मुळामुठा

फार चांगलं काम करताय. पुण्यात आमच्या सोसायटीत भिंतीवर ते शॉक द्यायचं मशीन बसवलंय. तसं ग्रामपंचायतीत नाही का ठेवता येणार? आणि व्हॉट्सॲपवर तीन गोळ्यांचं किट फिरतं, ॲस्पिरिन, सॉर्बिट्रेट आणि कोलेस्टेरॉलची गोळी, ते प्रत्येक घरात वाटलं तर? एकटे असताना जोरजोरात खोकायचं असंही वाचलं होतं. ते सांगता का?

खवचट

आलं पुणं.

डॉ_सलाईन

मी विदर्भातच मेडिकल ऑफिसर आहे. @मुळामुठा यांचे प्रश्न आम्हालाही ओपीडीत रोज येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खोकण्याचं डोक्यातून काढून टाका. अटॅकवर तो उपाय नाही, आणि खोकत बसलेला माणूस फोन करत नाही. तिखटाचं पाणी, लसणाच्या पाकळ्या यांचंही तेच.

ॲस्पिरिन खरोखर उपयोगी आहे. साधारण ३०० मिलिग्रॅम, साधी गोळी, चावून खायची. गिळली तर उशिरा लागू पडते, आणि वरून लेप असलेली असेल तर आणखी उशिरा. पण ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात रक्तस्राव झालेला अल्सर, किंवा तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं असं काही असेल तर नाही. ते लकव्याचं लक्षण, आणि तो मेंदूतल्या रक्तस्रावामुळं असेल तर ॲस्पिरिननं वाढतो. सिस्टरांनी गावात सरसकट गोळ्या वाटाव्यात या मताचा मी नाही. १०८ ला फोन लावून विचारा, ते सांगतील तसं घ्या, हे मात्र जरूर सांगावं.

सॉर्बिट्रेटची मला जास्त भीती वाटते. जिभेखाली ठेवली की बीपी धाडकन पडू शकतं. हृदयाच्या उजव्या बाजूला फटका बसलेला असेल किंवा माणसानं ताकदीची, म्हणजे व्हायग्रासारखी गोळी घेतलेली असेल (गावात ती कोणी कबूल करत नाही, पण विकली जाते) तर तो तिथंच कोसळतो. ज्याला डॉक्टरनं आधीच लिहून दिली आहे त्यानंच घ्यावी, तीही बसून. कोलेस्टेरॉलची गोळी रोजच्या औषधात मोलाची आहे, पण त्या क्षणी नस मोकळी करत नाही.

आता पांढरंसोनं यांच्या मुद्द्याला जोड. 'जवळचा दवाखाना' आणि 'कामाचा दवाखाना' एकच असेल असं नाही. जिथं ईसीजी नाही तिथं थांबून सलाईन लावून घेणं म्हणजे तासभर वाया. ईसीजी जिथं आहे तिथं तो काढून फोनवर वरच्या डॉक्टरांना पाठवता येतो. अँजिओप्लास्टीच्या (फुग्यानं नस उघडायच्या) केंद्रात दोन तासांच्या आत नस मोकळी होण्यासारखी असेल तर थेट तिकडं. नसेल, आणि आपल्याकडं बहुतेक ठिकाणी नसतेच, तर आधी इंजेक्शन आणि मग नागपूर, सेवाग्राम, सावंगी, अमरावती, जे सोयीचं असेल ते. स्ट्रेप्टोकायनेज असेल तर १५ लाख युनिट अर्ध्या ते एक तासात सलाईनमधून जातं. टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे एका झटक्यात देतात. नुकतंच ऑपरेशन झालंय, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालाय, असं काही असेल तर देता येत नाही, म्हणून जुने कागद सोबत असलेले बरे. इंजेक्शननं बरं वाटलं म्हणून घरी परतायचं नाही. साधारण एका दिवसाच्या आत अँजिओग्राफी व्हायला हवी.

आणखी एक. पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. दुखणं चालूच असेल तर थोड्या थोड्या वेळानं परत काढावा लागतो. "कागद नॉर्मल आहे, ग्यास आहे" म्हणून उठून जाणारे पेशंट मी पाहिलेत. लोकांना हे ठामपणे सांगा.

पैशाचंही बोला, निर्णय तिथंच अडतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत ठेवा. सापडलं नाही तर पेशंट न्या, कागद मागून आणता येतात.

काटोलचा_संत्रा

डॉक्टरसाहेब, ताकदीच्या गोळीवाली गोष्ट खरी हाय. 🙏 पानठेल्यावर भेटते.

खवचट

माझा कडू डोस घ्या. सिस्टरांच्या वॉर्डात एकीच्या माथ्यावर किती पेशंट असतात ते सर्वांना ठाऊक आहे. कंत्राटीवाल्यांचा पगार कधी वेळेवर होतो? अशात सुटीच्या दिवशी फुकट गावोगाव फिरायचं. आरोग्य खात्याचं काम स्वतःच्या पेट्रोलवर तुम्ही केलं की खातं निवांत. उद्या साहेब तुमचेच फोटो काढून अहवालात लावतील. आणि तुमच्या जागृतीनं पेशंट वेळेवर आला, पण दवाखान्यात ते इंजेक्शनच नसलं, मग? त्याचा राग सिस्टरवरच निघणार.

पांढरंसोनं

@खवचट, फोटो काढून झालेत. 😀

इंजेक्शन नसण्याची तुमची भीती खरी आहे, म्हणून तो प्रश्न आम्ही लोकांनाच विचारायला लावतो. ग्रामसभेत ठराव करा, आपल्या ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास ईसीजी निघतो का आणि गुठळीचं इंजेक्शन शिल्लक आहे का, लेखी विचारा. सिस्टरनं विचारलं तर ती वादावादी होते. सरपंचानं विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. फुकटच्या कामाबद्दल म्हणाल तर मला कोणी बोलावलं नव्हतं, मीच गेले. पेट्रोलचे पैसे आम्ही वाटून घेतो. हे काम खात्यानंच करायला हवं हे मान्य, पण तोवर मी हॉस्टेलच्या खोलीत बसून सिरियल बघू का?

धानपट्टा

मी समुदाय आरोग्य अधिकारी, धानाच्या पट्ट्यातली. आमच्याकडं ३० वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी चालते, गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. तुमच्या त्या ताईंच्या बाजूनं बोलते. बीपी नॉर्मल आलं की लोक गोळी सोडतात. गोळीमुळंच नॉर्मल आलं, हे समजवता समजवता माझा घसा बसतो. रोवणीच्या दिवसांत तर कोणी फिरकत नाही. मी बांधावर जाऊन गोळ्या देते. खर्रा तर विचारूच नका. सुपारी-तंबाखू-चुना घोटलेली पन्नी सासूच्याही कनवटीला आणि सुनेच्याही. तंबाखूनं ठोके आणि बीपी वाढतं, नसा आकसतात, हे सांगते. त्या ऐकतात, आणि उठताना पन्नी सोडतात.

पण मला सांगायचंय ते नाटकाबद्दल. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक, तंबूत दहा गावांची माणसं. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव प्रयोग लावतात. मागच्या हंगामात आमच्या मंडळानं दोन अंकांच्या मधे आम्हाला दहा मिनिटं दिली. मी माईकवर बोलायला लागले तर निम्मे लोक चहाला उठले. तेव्हा त्यांच्यातला विनोदी नट पुढं आला, म्हणाला सिस्टर, मी करतो. पोट धरून "ग्यास झाला वो" करत स्टेजभर फिरला. बायको ओवा आणते, पोरगा सोडा आणतो, शेजारी मांत्रिकाचा पत्ता सांगतो, भाऊ फोनवर "थांब, मी सकाळी येतो" म्हणतो. लोक हसून हसून लोळले. मग नट एकदम आडवा पडला आणि उठलाच नाही. तंबूत चिडीचूप. तेव्हा मी माईक घेतला. त्यानंतरच्या आठवड्यात उपकेंद्रात जेवढे पुरुष स्वतःहून बीपी मोजायला आले तेवढे एरवी महिन्यात येत नाहीत.

थंडीत आणि पहाटे अटॅकचं प्रमाण जास्त असतं, आणि आमचं नाटक नेमकं तेव्हाच सुटतं. रात्रभर जागरण, चहा, खर्रा, वरून गारठा. म्हणून जागाही तीच योग्य.

मुळामुठा

वा! याचा व्हिडिओ आहे का?

धानपट्टा

नाही. नटानं मानधन मागितलं नाही, पण व्हिडिओ काढायचा नाही अशी अट घातली. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

आजीबाईंचा_बटवा

अकोल्याकडची निवृत्त परिचारिका. बऱ्याच वर्षांनी इथं लिहितेय.

सर्वांचं वाचलं. सगळ्या गोष्टींत पेशंट पुरुषच आहे. काकाजी, विनोदी नट, ताकदीची गोळी. बाईचं काय? बाईला आणि शुगरवाल्याला छातीत कळ येईलच असं नाही. मळमळ, जबडा दुखणं, दोन्ही खांद्यांच्या मधे पाठ दुखणं, चार पावलांत धाप, अचानक हातपाय गळून जाणं, एवढ्यावरच अटॅक येऊन जातो. आणि बाईचं अंग तर रोजच दुखतं असं घर धरून चालतं. ती स्वतःही धरून चालते. कापूस वेचायला किलोवर मजुरी असते. दुपारी उठून गेली तर अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो, म्हणून ओटी भरेपर्यंत ती बोलत नाही.

पांढरंसोनं, तुझ्या दारामागच्या कागदावर "हुकूम कोणाचा" असं लिहिलंस तर प्रत्येक घरात मालकाचं किंवा सासऱ्याचं नाव येईल. मालक पारावर आणि फोन त्याच्या खिशात. मग बाईला दुखलं तर? कागदावर असं लिही, की जो जवळ असेल त्यानं फोन लावायचा, विचारायचं नाही. सातवीतल्या पोरीनंसुद्धा. १०८ ला पैसे पडत नाहीत. मी जिथं जाते तिथं बायकांना मालकाचा फोन हातात घेऊन १०८ कसा लावायचा, गावाचं नाव, जवळची खूण आणि "छातीत दुखतंय" किंवा "धाप लागलीय" कसं सांगायचं, ते मोठ्यानं म्हणून घेते. खरा फोन लावू देत नाही, लाइन अडते.

पांढरंसोनं

आजी, कागद बदलते. यावर माझ्याकडं दुसरं म्हणणंच नाही.

मेळघाटवाला

धारणीकडून लिहितोय. तुमचं सगळं खरं, पण आमच्या पाड्यांवर आधी टेकडीवर चढावं लागतं, मग मोबाइलला रेंज. अमरावती दीडशेच्या आसपास किलोमीटर, तेही घाटातून. आमचे लोक बऱ्हाणपूर, खंडव्याला जातात, कारण रस्ता सोपा. सिरोंच्याच्या लोकांचंही तसंच असावं, गडचिरोली दोनशेच्या आसपास, तेलंगण समोर.

दोन गोष्टी. एक, मराठीत बोललात तर कोरकू आजी मान हलवेल आणि घरी जाईल. आशाताईला बोलू द्या, तुम्ही बाजूला बसा. दुसरं, भूमकाला (पाड्यावरच्या वैदूला) सोबत घ्या. पहिला फोन नाही, पहिला माणूस तोच असतो. "तुझं झाड-पाला कर, पण गाडीत बसून कर" एवढं त्याला पटलं तरी तास वाचतो. त्याला खोटं पाडायला गेलात की पाड्यात परत पाय ठेवता येत नाही.

डॉ_सलाईन

"गाडीत बसून कर" हे फार आवडलं. उद्यापासून वापरणार. फक्त तोंडानं काही पाजू नये एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

मुळामुठा

माझा मशीनचा प्रश्न राहिला. आणि ती बाटली कशासाठी?

पांढरंसोनं

बाटली छाती दाबायला. अटॅक आणि हृदय बंद पडणं यांत लोकांचा गोंधळ होतो, तेव्हा मी ठिबकचं उदाहरण देते. नळी चोंदली, एका ओळीला पाणी जात नाही, तो अटॅक. माणूस बोलतो, कण्हतो, त्याची छाती दाबायची नाही, गाडी बोलवायची. मोटरच बंद पडली तर अख्खं शेत कोरडं. माणूस हाक मारून उठत नाही, श्वास नाही किंवा अधूनमधून नुसती घरघर. तिथं मात्र थांबायचं नाही. अटॅकमधूनच मोटर बंद पडू शकते, म्हणून अशा माणसाला एकटं सोडायचं नाही आणि चालवायचंही नाही.

दाबायचं ते छातीच्या मधोमध, टणक जमिनीवर, बाजेवर नाही. बाज झोका घेते, दाब लागत नाही. पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. सामान्य माणसानं तोंडानं श्वास द्यायची गरज नाही, नुसतं दाबत राहायचं, गाडी येईपर्यंत आळीपाळीनं. भारतात सामान्य लोकांसाठी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आखलेली पद्धतही नुसत्या दाबण्याचीच आहे. बाटली दाबली की कटकन आवाज येतो, तेवढ्यावर पोरं जोर शिकतात. कबड्डी खेळणारी पोरं उत्तम. नऊवारीतल्या आज्याही मागं नसतात, गुडघे टेकता आले की झालं.

मशीन मिळालं तर सोनंच, पण ते कुलूपबंद खोलीत आणि चावी ग्रामसेवकाकडे, असं व्हायला नको. तोपर्यंत हात.

खवचट

नाही म्हणायचं तरी ठिबकवालं बरं समजलं. आमच्या तालुक्यात येता का? दारव्हा. पेट्रोल माझ्याकडं.

पांढरंसोनं

येते की. पण तुम्ही माईक धरायचा.

काटोलचा_संत्रा

अन् आमच्या गावाले? तान्ह्या पोळ्याले सारे लेकरं, बाया, बुढे एकाच जागी जमतात. नंदी सजवून आणतात लेकरं. तेव्हाच ठेवू का?

पांढरंसोनं

काटोल माझ्यापासून लांब पडतं. तुमच्या भागातल्या एका सिस्टरचा नंबर मेसेजमध्ये देते, त्या येतील. मात्र तान्ह्या पोळ्याला लेकरांचं बक्षीस चालू असताना कोणी ऐकणार नाही, ते आटोपल्यावर ठेवा. पंचायतीसमोर गाडी उभी असते त्या जीपवाल्याला पहिल्या ओळीत बसवा, आणि रात्री फोन उचलतो का ते चारचौघांत विचारा.

काटोलचा_संत्रा

जीपवाला माह्या साळाच हाय ताई. रात्री त्याची बायको उचलते फोन. तिलेच बसवतो पुढं.